रेल्वेचा गोंगाट

रुळांवरून धावणारी चाके, इंजिन, ब्रेक व भोंगा यांतून निर्माण होणाऱ्या त्रासदायक ध्वनीला रेल्वेचा गोंगाट म्हणतात. रात्रीच्या गाड्यांमुळे लोहमार्गालगतच्या रहिवाशांची झोपमोड होते. जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रात्रीच्या रेल्वे-ध्वनीची सरासरी पातळी ४४ डेसिबलपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस केली.

या गोंगाटाचा मुलांच्या शिक्षणावरही परिणाम होतो. न्यूयॉर्कमधील एका शाळेत आर्लिन ब्राँझाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी केलेल्या अभ्यासात (१९७५) उन्नत लोहमार्गाच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे असल्याचे आढळले. पुढे रुळांखाली रबरी गाद्या आणि वर्गांत ध्वनिशोषक छत बसवण्यात आले. त्यानंतरच्या पाहणीत (१९८१) हा फरक उरला नव्हता.