सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रदर्शने : प्रेक्षकाने काय पाहावे?

साप, अजगर, सरडे, कासवे इत्यादी प्राण्यांची प्रदर्शने व बाजार आज जगात अनेक ठिकाणी भरतात. जर्मनीतील हॅम या शहरात वर्षातून अनेक वेळा भरणारा बाजार तर या व्यापारातील लोकांत सर्वत्र ठाऊक आहे. मोठ्या सभागृहात टेबले मांडलेली असतात, त्यांवर प्लास्टिकच्या लहान लहान डब्यांत प्राणी ठेवलेले असतात आणि ग्राहक डबे पाहत पुढे सरकतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ‘विदेशी पाळीव प्राणी’ या नावाखाली इग्वाना, रंगीत अजगर, छोटी कासवे दाखविली व विकली जातात. गळ्यात अजगर घालून फोटो काढून देण्याची सोय असते व मुले हौसेने रांगेत उभी राहतात. अशा ठिकाणी प्राण्यांचे हाल होतात काय, आणि माणसांना काही धोका असतो काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुत्रा दुखले की केकाटतो, गाय हंबरते. साप किंवा कासव तसे काही करीत नाही. त्यामुळे तो प्राणी शांत आहे, म्हणजे सुखात आहे, असे आपण धरून चालतो. ‘बॉल पायथन’ या अजगराचे उदाहरण घ्या. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो मोठ्या संख्येने जगभर विकला गेला आहे. हातात घेतला की तो अंगाचा चेंडू करतो व डोके आत लपवितो. विक्रेता सांगतो, “पाहा, किती गरीब जनावर आहे!” वास्तविक चेंडू होणे ही त्याची शत्रूपासून बचाव करण्याची रीत आहे. ज्याला आपण गरीबपणा म्हणतो, ती त्याची भीती असते.

या प्राण्यांची शरीररचना समजून घेतली म्हणजे प्रदर्शनातील त्रास आपोआप ध्यानात येतो. माणसाप्रमाणे ते शरीरात स्वतःची उष्णता पुरेशी निर्माण करू शकत नाहीत. ऊन हवे तेव्हा उन्हात व गारवा हवा तेव्हा सावलीत सरकून ते आपले तापमान सांभाळतात. डब्यात सरकायला जागाच नसेल, तर हे कसे साधणार? सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो. म्हणून दिव्यांच्या झगमगाटात त्याला डोळे मिटता येत नाहीत. त्याला बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीची कंपने जबड्यातून जाणवतात. तेव्हा ध्वनिक्षेपक आणि गर्दीची पावले त्याला कळत नाहीत, असे समजू नये.

१९६५ साली इंग्लंडमधील ब्रॅम्बेल समितीने शेतीतील जनावरांसंबंधी एक साधे तत्त्व मांडले. जनावराला उठता, बसता, वळता आणि हातपाय पसरता आले पाहिजेत, एवढी किमान मोकळीक त्याला असावी. हेच माप सापाला लावले, तर हातपाय पसरणे म्हणजे अंग सरळ लांब करणे होय. प्रदर्शनातील किती डब्यांत हे शक्य असते, ते प्रत्येकाने स्वतःच पाहावे.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. नागपंचमीला गारुडी नाग घेऊन दारोदार येत व त्याला दूध पाजले जाई. दूध हे सापाचे अन्न नव्हे. अनेक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव तोंडात घेतो, एवढेच. त्याचे दात उपटण्याचे, तोंड शिवण्याचे प्रकारही घडत. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील जिवंत नागांच्या प्रदर्शनावर न्यायालयाने निर्बंध घातले, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे.

आता माणसाच्या सुरक्षिततेविषयी. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राण्याला हात लावून तोच हात तोंडात गेला, तर जुलाब, ताप व लहान मुलांत गंभीर आजार होऊ शकतो. छोट्या कासवांमुळे मुले आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी असे प्राणी हाताळू नयेत.

दुसरा धोका विषाचा. ‘दात काढलेला आहे, घाबरू नका’ या आश्वासनावर विसंबू नये. सापाला विषदंत पुन्हा येतात. शिवाय भारतात तयार होणारी प्रतिविषलस मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. परदेशी विषारी साप चावल्यास ती उपयोगी पडेलच असे नाही.

खरेदीनंतरही प्रश्न संपत नाही. बोटभर कासव मोठे होते, हातभर अजगर माणसाहून लांब होतो आणि कंटाळलेला मालक त्याला तळ्यात किंवा रानात सोडून देतो. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मी अजगर असेच वाढले व त्यांनी तेथील ससे, रॅकून यांसारखे प्राणी फस्त केले. शेवटी २०१२ साली त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी, कानामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवेही अशीच तळ्यांत सोडली जात आहेत.

कायदा काय सांगतो, हे विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावे. नाग, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव यांसारखे भारतीय वन्यप्राणी परवानगीशिवाय पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा आहे. तारा कासवाला २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारातही सर्वाधिक संरक्षण मिळाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार संरक्षित यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्याने सरकारकडे नोंदणी केली पाहिजे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. आणि संविधानाच्या कलम ५१ क ने प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

मात्र दयाभाव प्राण्यापुरताच ठेवून चालणार नाही. साप दाखवून पोट भरणारा गारुडी हा गरीब, भटका माणूस आहे. बंदी आली, पण त्याच्या मुलांच्या भाकरीचे काय? तामिळनाडूत १९७८ साली इरुला आदिवासींची सहकारी संस्था निघाली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक सरकारी परवान्याने साप पकडतात, प्रतिविषलशीसाठी विष काढतात व साप पुन्हा सोडून देतात. त्यांचे ज्ञान वाया गेले नाही, सापही वाचले आणि सर्पदंश झालेल्यांनाही जीवदान मिळाले. आपल्याकडेही असा विचार व्हावयास हवा.

प्रत्येकाने निदान पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) गळ्यात साप घालून फोटो काढू नये व मुलांना तसा आग्रह करू नये.
२) प्राण्याला अंग पसरण्याएवढी जागा, पाणी, लपण्याची सोय आहे काय, ते पाहावे. नाक सतत काचेवर घासणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही त्रासाची लक्षणे आहेत.
३) विक्रेत्याकडे नोंदणीची कागदपत्रे मागावीत.
४) प्राण्याला स्पर्श झाल्यास साबणाने हात धुवावेत.
५) भारतीय साप वा कासव विक्रीस दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.
६) सर्पदंश झाल्यास जखम कापू अगर चोखू नये, चावलेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत सजीवांचा व्यापार आहे. व्यापार विकणारा करतो हे खरे. परंतु घेणारा व पाहणारा नसेल, तर तो एक दिवसही चालणार नाही. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी आपला पैसा कशासाठी जात आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा.