नाव जुनं, गोष्ट नंतरची

कार्तिकात रात्री आठ-नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं, की बऱ्याच उंचीवर पाच ताऱ्यांचं 'एम' अक्षर दिसतं. मराठी आकाशनिरीक्षक त्याला शर्मिष्ठा म्हणतात. तिच्या शेजारी देवयानी, जवळच ययाती, आणि ध्रुवाच्या बाजूला वृषपर्वा. युरोपात हीच मंडळी कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सियस आणि सिफियस म्हणून ओळखली जातात. तिथे ती एक राणी, तिची मुलगी, जावई आणि राजा. आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वातलं धुमसतं घर. ही नावं ज्यांनी बसवली, त्यांनी एका कुटुंबाच्या जागी दुसरं अख्खं कुटुंब आणून ठेवलं.

आता या दोन स्त्रियांची नावं जवळून पाहा. अँड्रोमेडा या ग्रीक नावाचा अर्थ 'पुरुषांवर सत्ता चालवणारी'. गोष्टीत मात्र आईनं सौंदर्याची बढाई मारली म्हणून समुद्रदेव रागावतो, आणि शिक्षा म्हणून या मुलीला समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी बांधतात. जलराक्षस येतो, पर्सियस येतो, तिला सोडवून तिच्याशी लग्न करतो. सत्ता तिच्या वाट्याला कुठेच येत नाही. शर्मिष्ठेचं तेच. 'शर्म' म्हणजे सुख, आसरा. शर्मिष्ठा म्हणजे अत्यंत भाग्यवान. खांडेकरांची 'ययाति' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की ही राजकन्या देवयानीची दासी होऊन तिच्या सासरी जाते.

जगातल्या पुराणकथांमधली स्त्रियांची नावं चाळत गेलं, की नाव एक सांगतं आणि गोष्ट दुसरंच, असं पुन्हा पुन्हा दिसतं. माझं मत असं, की यातल्या कितीतरी नावांचा उगम आज प्रचलित असलेल्या गोष्टीच्या आधीचा आहे. गोष्ट पिढ्यानुपिढ्या बदलते. सांगणारा आपल्या काळाची रीत तिच्यात घालतो. नाव तेवढं सहजी बदलत नाही. म्हणून नावाचा माग काढला, की गोष्टीखाली दबलेली दुसरी बाई हाती लागते.

याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण पँडोरा. 'पँडोराची पेटी' हा शब्दप्रयोग मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपास हेसिअड या ग्रीक कवीनं सांगितलेली तिची कथा अशी : प्रोमिथियसनं माणसांसाठी अग्नी चोरला, म्हणून झ्यूसनं माणसांवर सूड उगवायचं ठरवलं. कारागीर देवानं माती-पाणी कालवून एक स्त्री घडवली, अथीनानं तिला नटवलं, हर्मीसनं तिच्या मनात खोटेपणा पेरला. सगळ्या देवांनी काही ना काही दिलं म्हणून ती पँडोरा, 'सर्वांची देणगी मिळालेली'. तिनं झाकण उघडलं आणि रोगराई, कष्ट, दुःखं जगभर पसरली. आत उरली फक्त आशा.

पण त्या नावाचा अर्थ 'सर्व काही देणारी' असाही होतो, आणि हे विशेषण ग्रीक लोक धरणीमातेला लावत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला एक पांढऱ्या मुलाम्याचा प्याला आहे. त्यावर मधोमध एक तरुणी उभी आहे. एका बाजूला अथीना, दुसऱ्या बाजूला हातात हातोडा घेतलेला कारागीर देव हेफेस्टस, दोघंही तिला सजवताहेत. प्रसंग अगदी हेसिअडनं सांगितलेलाच. पण तिच्याशेजारी लिहिलेलं नाव 'अनेसिडोरा' आहे. त्याचा अर्थ 'खालून देणग्या वर पाठवणारी'. जमिनीच्या पोटातून धान्य वर येतं, ते जिच्यामुळे, ती. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातल्या एका भांड्यावर तर पँडोरा हात पसरून थेट जमिनीतून वर येताना दाखवली आहे. अरिस्टोफनीसच्या 'पक्षी' या नाटकातही पँडोराला मेंढा अर्पण करण्याचा उल्लेख येतो. ही भूमीच. जगाला खाऊ घालणारी भूमी हेसिअडच्या हातात येईपर्यंत जगाची पीडा झाली.

आणि पेटी? ती मुळात नव्हतीच. हेसिअड 'पिथोस' म्हणतो, म्हणजे मोठा रांजण. धान्य, तेल, दारू साठवायला असे माणसाच्या कमरे-छातीएवढे उंच रांजण घरोघरी असत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इरॅस्मस या डच पंडितानं लॅटिनमध्ये ही कथा सांगताना रांजणाच्या जागी 'पिक्सिस' म्हणजे छोटी डबी घातली, आणि साऱ्या युरोपात तीच रूढ झाली. धान्याचा रांजण उघडणारी घरधनीण आणि नको ती डबी उघडणारी उचापती पोरगी, या दोघींत केवढा फरक आहे!

मेड्यूसाचं नावही असंच साक्ष देतं. साप-केसांची, जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो, ती ही. तिच्या नावाचा अर्थ 'रक्षण करणारी, सत्ता चालवणारी'. ओव्हिड हा रोमन कवी सांगतो, की समुद्रदेवानं तिच्यावर मंदिरात बलात्कार केला आणि देवीनं शिक्षा केली ती तिलाच. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी ५८०च्या सुमारास, कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात मधोमध मेड्यूसाच कोरली होती, धावती, जीभ बाहेर काढलेली. ढालींवर, दारांवर तिचा चेहरा असे तो अशुभ बाहेर थोपवण्यासाठी. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, त्याच कामाला.

इजिप्तमध्ये मात्र नाव आणि गोष्ट दीर्घकाळ एकमेकांना धरून राहिली. ज्या देवीला आपण ग्रीकांच्या तोंडून 'आयसिस' म्हणतो, तिचं इजिप्शियन नाव 'असेत'च्या जवळ जाणारं. ते लिहिताना सिंहासनाचं चित्र काढत, आणि मूर्तीतही तिच्या डोक्यावर तेच सिंहासन असे. तिच्या मांडीवर बाळ होरस. राजा हा होरसाचं रूप, म्हणजे तो गादीवर बसतो तो आईच्या मांडीवर. नाईल नदीतल्या फिले बेटावर तिचं देऊळ होतं. चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख तिथलाच आहे, इसवी सन ३९४ चा. एवढ्या मोठ्या नावावर आपल्या काळात विचित्र संकट आलं. एका दहशतवादी संघटनेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं त्याच्याशी जुळली, आणि २०१५ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं चक्रीवादळांच्या यादीतून 'आयसिस' काढून टाकलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. नवऱ्याच्या देहाचे विखुरलेले तुकडे शोधून जोडणाऱ्या देवीचं हे नाव आहे.

नावं बदलायला राजसत्ताही कारण ठरते. चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती जून २०२४ मध्ये पृथ्वीवर आणणारं चिनी यान 'चांग-ई ६' आपण बातम्यांत ऐकलं. चांग-ई ही अमृत पिऊन चंद्रावर गेलेली स्त्री. तिचं आधीचं नाव 'हंग-ई' होतं. हान घराण्यातल्या 'वन' या सम्राटाचं व्यक्तिगत नाव 'हंग' होतं आणि सम्राटाचं नाव उच्चारायला बंदी असे, म्हणून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घालून ती 'चांग-ई' झाली. दोन्ही शब्दांचा अर्थ 'नित्य, टिकणारं'. टिकणारीचं नावच टिकलं नाही, पण अर्थ टिकला.

काही नावं देशांच्या सीमा ओलांडून एकाच उगमाकडे जातात. ऋग्वेदातली उषा, ग्रीकांची इओस, रोमनांची ऑरोरा, लिथुएनियातली औश्रिने या चौघींची नावं एकाच मूळ शब्दातून, 'उजळणं' या अर्थाच्या धातूतून फुटलेली आहेत. नुसतं नाव नव्हे, स्वभावही वाटून घेतलेला दिसतो. वैदिक उषा स्वतः नित्य तरुण राहते आणि रोज एक दिवस घेऊन माणसांचं आयुष्य झिजवते. ग्रीक इओस आपल्या प्रियकरासाठी अमरत्व मागते पण तारुण्य मागायला विसरते. ती तशीच राहते आणि तो म्हातारा, आणखी म्हातारा होत जातो. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी पहाटेकडे पाहून एकच दुखरी गोष्ट ओळखली. घरातल्या एखाद्या उषामावशीला हे जरूर सांगावं.

अगदी उलटा प्रवास फिनलंडच्या आयनोचा. तिथे शेतांत, बोटींवर, शेकोटीभोवती गायली जाणारी लोकगीतं एलियास ल्योनरोट या डॉक्टरनं गावोगाव हिंडून टिपली आणि त्यातून 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती १८३५ ची, वाढवलेली १८४९ ची. लोकगीतांत 'आयनो' हे नाव नव्हतं. ते विशेषण होतं, 'एकुलती' अशा अर्थाचं. ल्योनरोटनं त्याचंच नाव केलं. भाऊ गाण्याच्या चढाओढीत हरतो आणि सुटकेसाठी बहिणीला एका म्हाताऱ्या गायकाला देऊ करतो. आईलाही ते स्थळ पसंत. आयनो समुद्राकडे जाते आणि बुडते. इतकी करुण कथा असूनही फिनलंडमध्ये पुढच्या पिढ्यांनी लेकींना हे नाव हौसेनं ठेवलं. संगीतकार सिबेलियसच्या पत्नीचं नाव आयनो, आणि त्यांच्या घराचं नाव 'आयनोला'. दुर्दैवी स्त्रीचं नाव मुलीला ठेवू नये, असा धाक आपल्याकडे फार आहे. फिनिश लोकांनी तो बाळगला नाही, हे मला मोठं वाटतं.

आता सीता. सीता म्हणजे नांगराचं तास, फाळानं जमिनीत उमटलेली रेघ. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या देवतांचं एक सूक्त आहे. तिथे सीतेला देवता म्हणून हाक मारून भरभरून पिकाचं मागणं केलेलं आहे. राम तिथे नाही, रावण नाही, वनवास नाही. फक्त नांगर, बैल, पाऊस आणि ती. रामायणात जनक जमीन नांगरत असताना ती तासातून वर येते आणि शेवटी भूमीतच जाते. मधलं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या आज्ञांमध्ये गेलं, तरी आरंभ आणि शेवट नावाप्रमाणे राहिला.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, रामाशिवायचं. लोक सांगतात, की टाकलेली सीता इथे बाळंत झाली. लव-कुशांसाठी तिनं गावात पसाभर गहू मागितला, कुणी दिला नाही, आणि तिनं शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याच संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करायला लावला. नांगराच्या तासाचं नाव असलेली स्त्री, तिचं गव्हाविना राहिलेलं गाव, आणि सातबाऱ्यावर चढलेली शेतकरणींची नावं, यांचा सांधा ज्यांना दिसला, त्यांना पुराण खरं कळलं असं मी म्हणेन.

सीतेची बाकीची नावं मात्र तिची नाहीत. जानकी म्हणजे जनकाची, वैदेही विदेहाची, मैथिली मिथिलेची. द्रौपदी द्रुपदाची, पांचाली पांचालांची. तिचं स्वतःचं नाव 'कृष्णा' मागे पडलं. कुंतिभोजाकडे दत्तक गेल्यावर पृथेची कुंती झाली. गांधारी, माद्री, कैकेयी ही तर नुसती देशांची नावं. या बायकांना घरी काय हाक मारत, हे ग्रंथांत ठळकपणे येत नाही. आपल्याकडे कालपरवापर्यंत लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहून माहेरचं नाव पुसलं जाई, अजूनही काही घरांत पुसलं जातं. ती रीत या यादीशेजारी ठेवून पाहावी.

त्याच महाभारतात कर्ण राधेय आहे आणि अर्जुन कौंतेय. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवतात. मुलानं आईचं नाव मिरवण्याची रीत या मातीत होती. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम आला आहे.

ज्यांच्या घरी बारसं आहे, त्यांना एक विनंती. मोबाइलवरच्या याद्यांत प्रत्येक नावापुढे 'सुंदर', 'तेजस्वी', 'देवीचं एक नाव' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं निराधार असतं. वाचनालयात जाऊन सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा 'प्राचीन चरित्रकोश' उघडा. परदेशी नाव आवडलं असेल तर त्या देशाची पुराणकथा मिळवून वाचा. नाव कुणाचं, ती कोण होती, तिच्या वाट्याला काय आलं, हे कळल्यावरच आत्याला ते बाळाच्या कानात सांगू द्या. गोष्ट दुःखाची निघाली तर नाव टाकू नका. मुलगी मोठी झाली, की तिला ती पूर्ण सांगा.