कॉम्प्रेसर चालतो, पण काटा चढत नाही

पेणकडच्या गणपती कारखान्यांत आता एअरब्रशही असतो. ऐन श्रावणात कॉम्प्रेसर नुसता घुरघुरला आणि काटा चढेना, तर मोटार गेली असं लगेच समजू नका. बहुतेकदा हवा कुठूनतरी निसटत असते.

आधी टाकीखालची पाणी काढायची चावी बघा. माझी तीच उघडी राहिली होती, आणि मी निघाले होते दुकानात! मग साबणाचा फेस सांध्यांवर लावा. बुडबुडे फुगले की तिथेच गळती. प्लग काढून टाकीतली सगळी हवा सोडा, काटा शून्यावर आल्यावरच सांधा खोलून टेफलॉन टेप गुंडाळा.

मशीन थांबताना क्षणभर ‘फुस्स’ होतं, ते ठीक. ते चालूच राहिलं, तर टाकीच्या तोंडाशी असलेल्या एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये बहुधा कचरा अडकलाय. तसंच हवा सोडून तो खोला, पुसा.

फेस टाकीच्या पत्र्यावरच फुगला, तर पत्रा आतून गंजलाय. वेल्डिंग करून वापरू नका, टाकी फुटू शकते, ती बदलाच. म्हणून रोज काम संपल्यावर टाकीतलं पाणी काढायचं. त्या पाण्याचा एक थेंब एअरब्रशातून उडाला, तरी मूर्तीच्या गालावर डाग पडतो.