गतीचे नियम : फळ्यावरचे आणि रस्त्यावरचे

इयत्ता नववीच्या सध्याच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. पूर्वीच्या अभ्यासक्रमांतही ते कोणत्या ना कोणत्या इयत्तेत होतेच. त्यामुळे ही स्मरणिका हाती घेणाऱ्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी न्यूटनचे तीन नियम व्याख्येसह पाठ केलेले आहेत, त्यांवर गुण मिळवलेले आहेत आणि निकाल लागल्यावर ते बाजूला ठेवून दिलेले आहेत. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. तरीही त्याने हा विषय निवडला, याचे कारण शाळेच्या फाटकासमोर दर भेटीच्या रविवारी दिसते. एका दुचाकीवर आई, वडील आणि दोन लेकरे येतात. धाकटे वडिलांच्या पुढे स्कूटरच्या मोकळ्या जागेत उभे असते, थोरले दोघांच्या मधे दाटून बसलेले असते आणि हेल्मेट असलेच तर ते आरशाला अडकवलेले असते. मानेवाडा–बेसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेकाळी शेते होती. आता त्यांचे ले-आउट झाले, रस्ते रुंद व सिमेंटचे झाले आणि वाहनांचा वेग वाढला. वेग वाढला की फळ्यावरचे ते तीन नियम रस्त्यावर येतात.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो या नियमांना समजून घेण्याची उत्तम वाट आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने असे मांडले की, वस्तू चालती राहण्यासाठी तिला कोणीतरी सतत ढकलत किंवा ओढत राहिले पाहिजे. आज आपण त्याला चूक ठरवतो. परंतु काळ्या मातीच्या चिखलवाटेने जाणारी बैलबंडी पाहिलेल्या माणसाला त्याचेच म्हणणे पटेल. बैल थांबले की बंडी थांबते. यात वेगळे काय दिसते? म्हणूनच हा समज जवळपास दोन हजार वर्षे टिकला. त्याला मोठा धक्का दिला गॅलिलिओने. उतारावरून गोळा सोडला तर तो समोरच्या चढावर जवळपास पहिल्या उंचीइतका चढतो. समोरचा चढ सौम्य केला तर तीच उंची गाठण्यासाठी तो अधिक लांब जातो. मग समोरचा चढ पूर्णपणे सपाट केला तर? त्याला कधीच थांबण्याचे कारण उरणार नाही. बंडी थांबते ती तिचा स्वभाव थांबण्याचा आहे म्हणून थांबत नाही. चिखल, आस आणि चाके यांचे घर्षण तिला थांबवते. गॅलिलिओचा हा विचार असलेला ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्या वेळी तो स्वतः धर्मपीठाच्या शिक्षेमुळे घरात नजरकैदेत होता.

पुढे १६८७ साली आयझॅक न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात हे तीन नियम एकत्र, गणिताच्या आधाराने मांडले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे साल ओळखीचे वाटेल. त्याच वर्षी औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला. देवगडच्या बख्त बुलंद शाहने नागपूर शहर वसवायला अजून काही वर्षे अवकाश होता.

पहिला नियम सांगतो की, बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने त्याच दिशेने चालत राहते. वस्तूच्या या प्रवृत्तीला जडत्व म्हणतात. वसतिगृहातील मुलांना हे सांगण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कार्यक्रमाच्या आधी सतरंज्या काठीने झोडपल्या जातात तेव्हा सतरंजी एकदम मागे सरते आणि धूळ जागच्या जागी राहून गळून पडते. कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचून सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्रायकरने जोरात टोला दिला, तर ती एकटी निघून जाते आणि वरचा ढीग सरळ खाली बसतो. शहर बस थांब्यावरून निघते तेव्हा उभे प्रवासी मागे झुकतात, ब्रेक लागतो तेव्हा पुढे. वस्तुतः ब्रेक लागल्यावर आपल्याला कोणीही पुढे ढकललेले नसते. बस थांबली, आपण थांबलेलो नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाक्य साधे आहे, परंतु सर्व अपघातांचे मूळ त्यात आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईकडे येणारी एक मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मागच्या आसनावर होते. त्या दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी सुरक्षा पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. गाडी महागडी होती, भक्कम होती. कठड्याने गाडीला थांबवले. आत बसलेल्या माणसाला थांबवण्यासाठी पट्टा नसेल तर ते काम पुढचे आसन किंवा काच करते. मागच्या आसनावर पट्ट्याची गरज नाही ही आपल्याकडची समजूत कोठून आली हे कळत नाही. जडत्वाला पुढचे आणि मागचे आसन असा भेद नाही. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले, म्हणून तो आज प्रत्येक मोटारीत आहे.

दुसरा नियम पहिल्याला हिशोब देतो. वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. हा संवेग किती वेळात बदलला, यावर किती बल लागले ते ठरते. नेहमीचे सूत्र ‘बल = वस्तुमान × त्वरण’ असे पाठ असते. शंकरपटाची गाडी शेतीच्या बंडीपेक्षा कितीतरी हलकी का बांधतात, याचे उत्तर त्यात आहे : बैल तेच, जोर तेवढाच, ओढायचे वस्तुमान कमी, म्हणून त्वरण अधिक. तथापि पालकांनी लक्षात ठेवावा असा भाग ‘किती वेळात’ हा आहे.

क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे ओढतो. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू टाकतात. काचसामान गवतात गुंडाळून पाठवतात. तिन्ही ठिकाणी थांबणे अटळ आहे. फक्त थांबण्याला थोडा अधिक वेळ आणि थोडे अधिक अंतर मिळवून दिले जाते. वेळ दहापट झाला की सरासरी बल दहावा हिस्सा होते. हेल्मेट नेमके हेच करते. त्याचे बाहेरचे कवच टणक असते, पण जीव वाचवतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. डोके रस्त्यावर आदळते तेव्हा हा थर चेपत जातो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर मिळतात. उघड्या कवटीला काही मिलिमीटरही मिळत नाहीत. नुसत्या प्लॅस्टिकच्या टोपीवजा हेल्मेटात हा थर नसतो; ते दंड वाचवण्यापुरते आहे. एकदा जोरात आदळलेल्या हेल्मेटाचा थरही चेपून निकामी झालेला असतो, वरून ते कितीही नवे दिसो. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही, तर डोके थांबण्याआधी हेल्मेटच जडत्वाने निघून जाते.

‘इथल्या इथे जायचे आहे’ हे कारण नेहमी ऐकू येते. त्याचाही हिशोब करून पाहावा. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी उभी असताना तो नुसता कलंडला, तरी डोके जमिनीवर पोहोचते तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर होतो. हा वेग गाडीचा नाही, केवळ उंचीचा आहे. गाडीच्या वेगाची तुलनाही उंचीशी करता येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे सुमारे सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतके आहे. ताशी ६० ला ही उंची सुमारे १४ मीटर होते. वेग दीडपट झाला, उंची सव्वादोनपट झाली. कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मोटारीच्या पुढच्या आसनावर आई मांडीवर लेकरू घेऊन बसते, आणि आपले हात त्याला सांभाळतील असा तिला विश्वास असतो. लेकराचे वजन १० किलो, गाडीचा वेग ताशी ४०, आणि टक्कर होऊन एक दशांश सेकंदात गाडी थांबली असे धरू. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटरहून थोडे अधिक. तेवढ्या वेळात लेकराला हातांनी थांबवायचे, तर अकराशे न्यूटनहून अधिक बल लागेल. सोप्या भाषेत, ११० किलोहून अधिक वजन अचानक हातांवर पेलायचे. कोणत्याही आईला ते शक्य नाही, आणि यात मायेचा काही संबंध नाही. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाची स्थिती याहून कठीण आहे. गाडी थांबताच ते हँडलवर आदळते आणि त्याच्या मागून सत्तर किलोचे वडीलही जडत्वाने त्याच्याच अंगावर येतात. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना मुलाला हेल्मेट व चालकाशी बांधणारा पट्टा असावा आणि वेग ताशी ४० पेक्षा अधिक नसावा, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला तर मोटार वाहन कायद्यानेच हेल्मेट सक्तीचे आहे. बेसा–पिपळा रस्त्यावर एक तास उभे राहून मोजले, तर या नियमाचे काय झाले ते कळेल.

वेगाच्या वर्गाची गोष्ट थांबण्याच्या अंतरातही येते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि सावध चालक असलेली मोटार धरू. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. ताशी ३० ला या सेकंदात ८ मीटर आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर, असे १३ मीटर लागतात. ताशी ६० ला १७ आणि २०, म्हणजे ३७ मीटर. आपल्या जवळच शिवमडका येथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्यावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. त्या वेगात पहिल्या सेकंदातच ३३ मीटर जातात आणि पुढे जवळपास ८०. एकूण ११० मीटरहून अधिक, म्हणजे कबड्डीची आठ-नऊ मैदाने एकापुढे एक लांबीने मांडावीत तेवढे. ज्यांचे वाहन चालवणे आजवर शहरातल्या गर्दीत झाले आहे, त्यांच्या डोळ्यांना या अंतराची सवय नसते. पुढच्या गाडीपासून शहरात ठेवतो तेवढेच अंतर ते तेथेही ठेवतात.

तिसऱ्या नियमाविषयी मुले दरवर्षी एक प्रश्न विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे : ‘सर, बैल बंडीले जेवढ्या जोरानं ओढते, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाले मागं ओढते, तर मंग बंडी चालते कशी?’ क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात हे खरे, पण त्या एकाच वस्तूवर होत नाहीत. म्हणून एकमेकींना खोडून काढत नाहीत. बंडी चालेल की नाही हे पाहायचे तर बंडीवर काय काय लागते तेवढेच पाहावे : पुढे बैलाचे ओढणे, मागे घर्षण. बैलासाठी वेगळा हिशोब. तो खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, आणि हा रेटा बंडीच्या मागे ओढण्याहून अधिक झाला की जोडी चालू लागते. निसरड्या चिखलात बैलाची ताकद तेवढीच असते, पण जमीन परत रेटत नाही आणि तो जागीच घसरतो. वैनगंगेवर डोंग्यातून काठावर उडी मारणाऱ्या ढिवर बांधवाला हे शिकवावे लागत नाही. आपण पुढे गेलो की डोंगा मागे जातो, हे त्याच्या पायांना ठाऊक असते.

वाहनाचेही तसेच आहे. ब्रेक वाहनाला थांबवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ब्रेक फक्त चाकाला धरतो. चाक रस्त्याला पुढे रेटते आणि रस्ता चाकाला मागे रेटतो, तेव्हा वाहन थांबते. हा रेटा टायर आणि रस्ता यांच्या पकडीहून मोठा होऊ शकत नाही. टायर झिजून गुळगुळीत झाला असेल, ले-आउटच्या वळणावर वाळू-गिट्टी सांडलेली असेल, किंवा मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून राबडी झाली असेल, तर पकड निम्म्यावर येते आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होते. अशा वेळी ब्रेक करकचून दाबला की चाक अडकते आणि दुचाकी आडवी जाते. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात वेग एरवीपेक्षा कमी ठेवावा, दोन्ही ब्रेक एकत्र, लवकर आणि हलक्या हाताने लावावेत, आणि टायरच्या खाचा जूनच्या आधी एकदा तपासून घ्याव्यात.