सतरा नंबर

गेल्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेनंतर अकरा रात्री मी एका रुग्णालयाच्या वॉर्डात काढल्या. खाटा चाळीस, रात्रपाळीला सिस्टर दोन. त्यांच्या तोंडी आईचे नाव ‘सतरा नंबर’. मला त्याचा राग यायचा. एका पहाटे त्यांतली एक म्हणाली, “कामाचं काही नाही हो दादा. पण पुढच्या आठवड्यात नाइट कुणाची, ते शनिवारी संध्याकाळी कळतं. विचारायची सोयच नाही.”

घरी आल्यावर या विषयावरचे वाचू लागलो, तेव्हा तिचे म्हणणे जवळजवळ तसेच पुढे आले. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांच्या माहितीवरून मांडले, की नुसता कामाचा रेटा माणसाला तितका मोडत नाही; रेटा मोठा आणि कामावर ताबा नाही, तिथे मनावरचा ताण सर्वांत जास्त. सर्जनलाही रेटा असतोच, पण टाका कुठे घालायचा हे तो ठरवतो. सिस्टरला साध्या औषधबदलासाठी सहीची वाट पाहावी लागते, आणि तोवर नातेवाइकांचा आरडाओरडा तिच्याच वाट्याला. (त्यात एकदा मीही होतो.)

क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये ‘बर्नआउट’ मोजण्याची प्रश्नावली दिली. भावनिक थकवा, समोरच्याविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, असे तिचे तीन भाग. कोरडेपणा तेवढा आपल्याला दिसतो. त्याला आपण ‘खाष्ट सिस्टर’ म्हणतो. लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास करून इझाबेल मेंझीस यांनी १९६०च्या सुमारास दाखवले होते, की रुग्णाला खाटेच्या नंबराने किंवा अवयवाने ओळखणे ही रोजच्या वेदना-मृत्यूपासून बचावाची, व्यवस्थेनेच रुजवलेली रीत आहे.

बर्नआउट म्हणजे नैराश्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही, नोकरीशी निगडित स्थिती आहे. नैराश्य घरी, सणावारीही सोबत येते. दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून घोळ होतो. आजारी बाईला ‘थकली असशील’ म्हणून घरी पाठवतात, आणि जिथे माणसे वाढवायला हवीत तिथे योगशिबिर भरवतात.

माणसे वाढवण्याचा प्रश्न रुग्णाच्या जिवाचाही आहे. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या २००२च्या अभ्यासात, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी जास्त आढळली.

फेरतपासणीला गेलो तेव्हा त्या सिस्टरला शोधले. तिची बदली झाली होती. कुठल्या वॉर्डात, ते इनचार्ज सिस्टरनाही ठाऊक नव्हते.