भिंतीवरील प्रकाशपट्टी आणि तिचा जमाखर्च

पडद्यावरील खेळांसाठी घरातील एखादी खोली राखून ठेवणे आता नवलाचे राहिलेले नाही. टेबल, खुर्ची आणि मोठा पडदा आला की मुलांची पुढची मागणी हमखास ठरलेली असते. भिंतीवर रंग बदलणारे एलईडी दिवे हवेत. पाच मीटरचे गुंडाळे काहीशे रुपयांत मिळते, त्याच्या पाठीला गोंद असतो, सोबत रिमोट येतो. घरातील कर्ती मंडळी सहज होकार देतात आणि रविवारी दुपारी मुलगाच ती पट्टी चिकटवून मोकळा होतो. पेढीवर मालाचा भाव करताना वाहतूक, हमाली आणि घट धरल्यावाचून कोणी सौदा करीत नाही. येथे मात्र केवळ पट्टीचा भाव पाहिला जातो आणि खरा खर्च व खरा धोका जेथे आहे, त्या अडॅप्टरकडे व तारेकडे कोणाचे लक्ष जात नाही.

रंग बदलण्याची ही किमया फार जुनी नाही. तांबड्या प्रकाशाचा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोनियाक यांनी सिद्ध केला. परंतु प्रखर निळा प्रकाश देणारा दिवा मिळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. त्या कार्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवरील प्रत्येक चौकोनी ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे शेजारी बसविलेले असतात. त्यांच्या कमीअधिक मिश्रणातून हवा तो रंग निघतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा प्रकाश मिळतो आणि वीजही तेव्हाच सर्वाधिक लागते. हिशेब याच अवस्थेचा धरावयाचा असतो.

सर्रास मिळणारी पट्टी १२ व्होल्टची असते. तिच्यावर मीटरमागे ‘५०५०’ मापाचे ६० ठिपके असतील, तर पूर्ण पांढऱ्या प्रकाशात मीटरमागे सुमारे १४.४ वॉट लागतात. पाच मीटरना ७२ वॉट झाले. म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. संचासोबत येणारा अडॅप्टर पुष्कळदा याहून लहान असतो. तो पेटतो, चालतो, म्हणून शंका येत नाही. पण क्षमतेपलीकडे राबणारा अडॅप्टर तापत राहतो. गरजेवर किमान वीस टक्के अधिक धरून, म्हणजे वरील उदाहरणात ९० वॉटच्या जवळपासचा अडॅप्टर घेणे श्रेयस्कर. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असावे. पट्टीत वाचलेले पैसे येथे घालावेत.

खोली बारा फूट बाय दहा फुटांची असेल, तर भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, म्हणजे साडेतेरा मीटरच्या आसपास भरतो. मुले तीन गुंडाळी एकापुढे एक जोडतात आणि एकाच टोकाला वीज देतात. अशा वेळी जवळपास १६ अँपिअरचा प्रवाह पहिल्या पट्टीच्या पातळ तांब्याच्या रेषांतून वाहावा लागतो. त्या रेषा तेवढ्यासाठी बनविलेल्याच नसतात. वाटेत व्होल्टेज घटत जाते, दूरचे टोक मंद पडते आणि तेथील पांढरा रंग तांबूस दिसू लागतो, कारण निळ्या व हिरव्या दिव्यांना तांबड्यापेक्षा अधिक व्होल्टेज लागते. दुकानदार याला ‘माल हलका निघाला’ म्हणतात. वस्तुतः जोडणी हलकी असते. प्रत्येक पाच मीटरला अडॅप्टरपासून स्वतंत्र जाड तार द्यावी किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. तीत तेवढ्याच वॉटला निम्मा प्रवाह पुरतो. अर्थात चारही भिंती उजळण्याची हौस मुळातच अनाठायी आहे. पडद्यामागची एक भिंत पुरेशी असते.

आता भिंतीविषयी. डिस्टेंपरच्या भुकटीवर गोंद धरत नाही आणि पावसाळ्यात ओल आली की पट्टी रंगाच्या पापुद्र्यासह लोंबकळते. अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने बसवून तीत पट्टी घालावी व वर दुधी झाकण लावावे. पन्हळ उष्णता शोषून घेते, झाकणामुळे ठिपके न दिसता सलग प्रकाश दिसतो. कोपऱ्यात पट्टी मुडपू नये. कात्रीचे चिन्ह असेल तेथेच कापून तारेने जोडावी. अडॅप्टर कपाटात, पडद्याआड अथवा आवाज शोषणाऱ्या फोमवर ठेवू नये. त्याला मोकळी हवा लागते. २३० व्होल्टची बाजू मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी.

प्रकाश डोळ्यांवर येता कामा नये. पट्टी पडद्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून लावली, की उजळ पडदा व अंधारी भिंत यांतील तफावत कमी होते आणि डोळे कमी शिणतात. रात्री निळा प्रकाश झोप लांबवतो. म्हणून नऊनंतर पिवळसर, मंद रंग ठेवण्याचा नियम घरात असावा. पावसाळ्यात दिव्याकडे झेपावणाऱ्या जीवांचा विचार जैन घरांत विशेषत्वाने होतो. कीटक निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे अधिक आणि पिवळसर प्रकाशाकडे कमी ओढले जातात. तेव्हा हा नियम तेथेही उपयोगी पडतो. शिवाय खिडकीला जाळी हवीच.

वीजबिलाविषयी आजोबांची तक्रार असते, ती फारशी टिकणारी नाही. ७२ वॉटची पट्टी रोज चार तास पूर्ण तेजाने चालली, तरी तीस दिवसांत ८.६४ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले, तर शहाऐंशी रुपये. खेळाचा संगणक आणि वातानुकूलन यंत्र याहून कितीतरी अधिक वीज खातात. मात्र रिमोटने दिवे बंद केले तरी अडॅप्टर जिवंतच राहतो. त्यासाठी दाराजवळ भिंतीवरचा बटण हवा, जो मुले झोपल्यावर आईलाही बंद करता येईल.

काम संपल्यावर वायरमनला लगेच निरोप देऊ नये. पूर्ण पांढरा प्रकाश तासभर चालू ठेवावा आणि मग अडॅप्टरवर तळहात ठेवून पाहावे. कोमट लागला तर ठीक. हात टिकत नसेल, तर तो त्याच दिवशी काढून मोठा बसवून घ्यावा.