शरीराची प्रतले व अक्ष

शरीराची प्रतले व अक्ष म्हणजे मानवी शरीरातील दिशा, छेद आणि हालचाली यांचे अचूक वर्णन करण्यासाठी शरीररचनाशास्त्रात मानलेली काल्पनिक प्रतले व रेषा होत. मुख्य प्रतले तीन असून ती परस्परांना काटकोनात छेदतात. हालचाल ज्या प्रतलात होते, त्याला तिचा अक्ष लंब असतो. जात्याचा वरचा दगड आडव्या प्रतलात फिरतो, तर मधली खीळ उभी असते. प्रतल व अक्ष यांचा संबंध तसाच असतो.

प्रमाण स्थिती

व्यक्ती ताठ उभी, नजर समोर, हात बाजूंना सरळ आणि तळहात पुढे वळलेले, ही स्थिती प्रमाण मानली जाते. रुग्ण पालथा झोपलेला असला, तरी पाठ ही मागची बाजूच समजतात. डावे व उजवे हे नेहमी त्या व्यक्तीचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे.

तीन प्रतले

सॅजिटल प्रतल शरीराचे डावा व उजवा असे भाग करते. हे नाव ‘बाण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कमरेतून पुढे वाकणे किंवा गुडघा दुमडणे या हालचाली या प्रतलात होतात. त्यांचा अक्ष डावीकडून उजवीकडे जातो.

कोरोनल प्रतल शरीराचे पुढचा व मागचा असे भाग करते. त्याच्या नावाचे मूळ ‘मुकुट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. हात बाजूने वर उचलताना अक्ष पुढून मागे जातो.

ट्रान्सव्हर्स प्रतल आडवे असून शरीराचे वरचा व खालचा असे भाग करते. नकार दर्शवण्यासाठी मान हलवताना डोके उभ्या अक्षाभोवती फिरते.

सांधे व हालचाली

कोपराचा बिजागरीसारखा सांधा एका अक्षाभोवती, मनगट दोन, तर खांदा व खुबा तीन अक्षांभोवती हलतात. हाताचा अंगठा इतर बोटांच्या तुलनेत सुमारे काटकोनात वळलेला असल्यामुळे तो सॅजिटलऐवजी साधारणतः कोरोनल प्रतलात दुमडतो. प्रत्यक्ष हालचाली बहुधा मिश्र असतात: चालताना पाय मुख्यतः सॅजिटल प्रतलात हलतात, तर कंबर आडव्या प्रतलात किंचित वळते.

वैद्यकातील महत्त्व

सीटी स्कॅनमधील आडवे छेद प्रचलित पद्धतीनुसार उताण्या रुग्णाच्या पायांकडून पाहिल्याप्रमाणे दाखवतात. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे दिसते. हा संकेत विसरल्यास निरोगी बाजू रोगग्रस्त समजली जाण्याचा धोका असतो.